परळ ते चैत्यभूमी : भावाचा नकाशा वाचताना



रविवारची सुट्टी मिळाली की माणसे लोणावळ्याला जातात, हौशी मंडळी अजिंठा-वेरूळ गाठतात. आम्ही मात्र मागच्या एका रविवारी परळच्या दामोदर हॉलपासून निघालो आणि दादरच्या चैत्यभूमीपर्यंत पायी गेलो. सारे मिळून आठ-नऊ किलोमीटर. वाटेत ना डोंगर, ना धबधबा. तरीही या प्रवासात जे पाहिले ते आपल्या घरातल्या प्रत्येकाने एकदा पाहावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

या सहलीचे कारण एक नोटीस. आमचे एक धम्मबांधव चार वर्षांपूर्वी कल्याणच्या बाजूला वन रूम किचन घेऊन राहायला गेले. जुने घर, दुसऱ्याकडून घेतलेले. एके दिवशी वंदना आटोपल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मुद्रांक शुल्क कमी भरले गेले, फरकाचे अठ्ठावीस हजार आणि वर दंड भरा, असा मजकूर. भाऊंचा चेहरा उतरला होता. "दादा, एजंटाने सांगितले तिथे सह्या केल्या. सरकारने मागितले ते भरले. आता हे कुठून आले?" आम्ही कागद पाहिला. दस्तात इमारत ज्या विभागात दाखवली होती तो विभागच चुकीचा होता. रस्त्याच्या या बाजूला एक दर आणि त्या बाजूला दुसरा. पुढे तपासणीत ते उघडकीस आले. घर घेताना भाऊंनी नळ पाहिला, भिंत पाहिली, शेजार पाहिला, पण सरकारच्या नकाशात आपले घर कोणत्या रेघेच्या आत पडते ते पाहिले नव्हते. आमच्यापैकी कितीजण पाहतात?

तेव्हाच ठरले की हा नकाशा हातात घेऊन आपल्याच जुन्या वस्त्यांतून एकदा चालायचे. आमच्याबरोबर हे भाऊ, पोस्टातून निवृत्त झालेले तात्या आणि सिव्हिल डिप्लोमाला असलेली विहारातली ताई. ताईच्या मोबाईलवर नोंदणी व मुद्रांक विभागाचे दरपत्रक होते.

चाळ नंबर एक

दामोदर हॉल म्हटले की आपल्याला १९२४ साल आठवते. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना त्या साली झाली आणि तिच्या कामाचे ठिकाण येथेच होते. जवळच मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, म्हणजे लोकांच्या तोंडी बीआयटीची चाळ नंबर एक. परमपूज्य बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून १९३४ पर्यंत येथे राहिले. कोलंबियाला जाणे, लंडनला जाणे, परतणे, महाड, गोलमेज परिषद, सारा काळ या दोन खोल्यांचा. आम्ही खालीच उभे राहून हात जोडले.

ही चाळ कशी उभी राहिली हे मुलांना सांगण्यासारखे आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत माणसे पटापट मेली. मग १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, कामगारांसाठी चाळी बांधायच्या असे काम त्याने हाती घेतले. म्हणजे शहर कोठे दाटले आहे, कोठली जमीन ताब्यात घ्यायची, कोणाला कोठे हलवायचे हे कागदावर मांडून ठरवण्याची रीत मुंबईत सव्वाशे वर्षांची जुनी आहे. रेघा ओढणारा मात्र आपल्यातला नव्हता.

ताईने मोबाईल पुढे केला. "काका, हे बघा, परळ-शिवडी विभाग." वाचकांनी हे दरपत्रक कसे असते ते समजून घ्यावे. बोलीत त्याला रेडी रेकनर म्हणतात, सरकारी नाव वार्षिक मूल्य दर तक्ता. शहराचे विभाग पाडलेले असतात, विभागांचे उपविभाग. प्रत्येकापुढे चौरस मीटरला भाव लिहिलेला असतो. खुली जमीन, निवासी, कार्यालय, दुकान, औद्योगिक असे पाच रकाने. घर घेताना करारातली किंमत आणि या तक्त्याप्रमाणे निघणारी किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क. चौरस मीटर ऐकून गोंधळू नये. एक चौरस मीटर म्हणजे पावणे अकरा चौरस फुटांच्या आसपास.

"पण हे भाव ठरवतो कोण?" तात्यांनी विचारले. उत्तर ऐकून तेही थांबले. हे भाव मुख्यतः आपल्याच कागदांवरून ठरतात. वर्षभरात त्या भागात जे खरेदीखत, जे करारनामे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदले गेले, त्यांतल्या किमती गोळा होतात. नगररचना खात्याची माणसे प्रत्यक्ष भागात चौकशी करतात आणि त्यावरून दर सुचवला जातो. त्याचे नियम १९९५ चे आहेत. पूर्वी नवा तक्ता १ जानेवारीला लागू होई, २०१६ पासून १ एप्रिलला. २०२० मध्ये कोरोनामुळे तो सप्टेंबरात आला. २०२३ आणि २०२४ मध्ये दर होते तेच ठेवले गेले. १ एप्रिल २०२५ ला मुंबई वगळता राज्यात सरासरी ४.३९ टक्के आणि मुंबईत ३.३९ टक्के वाढ झाली.

भाऊ गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, "दादा, खरे सांगू? काही रक्कम आम्ही कागदावर दाखवलीच नव्हती. एजंट म्हणाला, वाचतील पैसे."

आम्ही त्यांना रागावलो नाही. घराघरांतली ही गोष्ट आहे. पण कारकुनी केलेल्या माणसाला हिशेब दिसतो तो असा. कागदावर किंमत कमी लिहिली म्हणून बँकेने कर्ज कमी दिले, उरलेले पैसे व्याजाने बाहेरून काढावे लागले. उद्या घर विकताना खरी किंमत लिहिली तर नफा फुगलेला दिसणार आणि त्यावर कर बसणार. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भूसंपादनाची. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरवताना मुद्रांकाचा दर पाहतात, तसेच आसपासच्या मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांतील वरच्या निम्म्या किमतींची सरासरी पाहतात. दोहोंतले जास्त धरतात. आपल्या भागात सर्वांनीच कमी किमती लिहिल्या तर रस्त्याला, रेल्वेला जमीन जाताना मोबदलाही कमीच निघणार. गावाकडे ज्यांची दोन-चार एकर जमीन आहे त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

भोंग्याच्या गावात

डॉ. आंबेडकर मार्गाने लालबागकडे गेलो, भारतमाता सिनेमाजवळून करी रोडचा पूल ओलांडला आणि ना. म. जोशी मार्गावर उतरलो. जुनी माणसे अजून याला डिलाईल रोडच म्हणतात. तात्यांचे वडील येथल्या एका गिरणीत होते. ते सांगत होते, "पहाटेचा भोंगा झाला की आई चहाचे आधण ठेवायची. घड्याळ आमच्याकडे नव्हतेच."

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. गिरण्या बंद पडत गेल्या आणि एक दिवस लक्षात आले की गिरणीतल्या यंत्रांपेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीसाठी एक सूत्र होते. ढोबळ मानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी साऱ्या जमिनीची न राहता फक्त मोकळ्या पडलेल्या तुकड्यांची झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. एका वाक्याच्या फेरफाराने शहराच्या वाट्याची जमीन कशी आकसते याचा हा धडा आहे.

याच सुमारास, २००५ मध्ये, सरकारी मालकीच्या गिरण्यांच्या जमिनींचे लिलाव झाले. येथल्या मुंबई टेक्सटाईल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली, दादरची कोहिनूर मिल क्रमांक ३ ची ४२१ कोटींना. असा एक लिलाव झाला की आसपासचे सारे भाव वर बघू लागतात. शेजारच्या चाळीतल्या खोलीत पंखाही नवा लागलेला नसतो, पण तिच्या खालच्या जमिनीचा आकडा चढलेला असतो.

ताईने विचारले, "काका, एकाच उपविभागात हा चाळीस मजली टॉवर आणि ही चाळ. दर एकच?" रस्ता आणि सर्व्हे नंबर यांप्रमाणे उपविभाग पडतात हे खरे, पण एका उपविभागात दोन्ही असू शकतात. सरासरी काय करते ते आम्ही तिला पुलाच्या कठड्यावर बोटाने मांडून दाखवले. समजा, सारख्या आकाराच्या पाच घरांचे व्यवहार झाले. चार चौरस मीटरला १ लाखाने, पाचवा ६ लाखांनी. सरासरी आली २ लाख. म्हणजे पाचांपैकी कोणाचाच खरा भाव नाही तो आकडा कागदावर आला! ओळीने मांडून मधला आकडा घेतला असता तर १ लाख आला असता. म्हणून भावाचा कोणताही नकाशा दाखवला की दोन प्रश्न विचारावेत. व्यवहार किती होते? आणि आकडा सरासरी आहे की मधला?

ज्यांचा कागद नोंदलाच जात नाही त्यांचे काय? झोपडपट्टीतली खोली स्टँप पेपरवर, नोटरीच्या शिक्क्याने हातोहात बदलते. तो व्यवहार दुय्यम निबंधकाच्या वहीत येत नाही. भाड्याने राहणारी कुटुंबे पुष्कळदा तोंडी बोलीवर राहतात. भाडे दुप्पट झाले तरी नकाशाला ते कळत नाही. ज्या वस्तीत माणसे सर्वांत दाट, तेथेच कागद सर्वांत विरळ. नकाशाच्या दृष्टीने तेथे जणू बाजारच नाही.

पुलाची रुंदी

लोअर परळच्या पुलावरून सेनापती बापट मार्गाकडे उतरताना पाय आपोआप मंदावले. उत्तरेला प्रभादेवी स्टेशन, २०१८ पर्यंतचे एल्फिन्स्टन रोड. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तेथल्या अरुंद रेल्वेपुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा बळी गेला. कामावर निघालेली माणसे होती ती.

वाचकहो, भावाचा नकाशा म्हणजे केवळ शुल्क भरण्याचे साधन, असे कोणी म्हणेल तर त्याला हा पूल दाखवावा. गिरण्या होत्या तेव्हा कामगार जवळच्या चाळीत राहत, चालत पाळीला जात. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली तसे कार्यालयांचे भाव वर्षानुवर्षे चढत गेले. दरपत्रकाच्या जुन्या प्रती ओळीने लावल्या तर ही चढण सरकारच्याच आकड्यांत दिसते. कार्यालयाचा भाव चढतो म्हणजे तेथे कार्यालये येणार, कार्यालये येणार म्हणजे हजारो माणसे रोज स्टेशनवर उतरणार. एवढा त्रैराशिकाचा हिशेब. भाव चढू लागला त्याच वर्षी पुलाची रुंदी वाढवायला घ्यायची होती. शुल्काचा रुपया वेळेवर गोळा झाला, पूल वेळेवर झाला नाही.

सूचना कोणी केलीच नव्हती असेही नाही. १९९६ मध्ये राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला होता. गिरण्यांच्या जमिनींचा एकेकटा विचार न करता एकत्र आखणी करा, मोकळ्या जागा, घरे, रोजगार यांचा मेळ घाला, असा त्याचा रोख होता. तो अहवाल अमलात आला नाही. जो तो आपापल्या कुंपणात बांधत गेला. कुंपणाबाहेरचा रस्ता, पूल, गटार यांचा मालक कोणीच नव्हता.

याच तक्त्यावर शहराचे आणखी किती निर्णय टांगलेले आहेत ते सांगतो. २०१० पासून मुंबईत मालमत्ता कराची भांडवली मूल्याची पद्धत आली, तिचा आधार हाच दर. बांधकामाला जादा चटई क्षेत्र हवे असेल तर त्यासाठी भरायचे अधिमूल्य या दराच्या टक्केवारीत. झोपडपट्टी पुनर्वसनात आणि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात विकासकाला विक्रीसाठी किती बांधकाम मिळावे, हे जमिनीचा दर आणि बांधकामाचा खर्च यांच्या प्रमाणावर ठरते. जमीन महाग तेथे जादा क्षेत्राचे प्रमाण कमी, स्वस्त तेथे जास्त. पुनर्विकासाच्या सभेत विकासकाचा माणूस भराभरा बोलतो तेव्हा त्याच्या फाईलमध्ये हा आकडा असतो. आपल्या फाईलमध्येही तो असावा.

वरळीची किल्ली

दुपारी जांबोरी मैदानावर पोचलो. वरळीच्या बीडीडी चाळी! १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता, पैशासाठी कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला. उभ्या राहिल्या २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या, प्रत्येक १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. आणि गंमत अशी की सुरुवातीला त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. भाडे गिरणी कामगाराला परवडेना आणि सोयी धड नव्हत्या. जमीन मोजली, सिमेंट मोजले, माणसाचा खिसा मोजायचा राहिला. शंभर वर्षांपूर्वीची ही चूक आजही होऊ शकते.

मग याच चाळी आपल्या माणसांनी भरल्या. जयंतीच्या मिरवणुका येथून निघाल्या, पँथरची पोरे येथल्या जिन्यांवर वाढली. जानेवारी १९७४ ची वरळीची दंगल आणि त्यात शहीद झालेले भागवत जाधव यांना विसरणारा समाज आपला नाही. दरपत्रकात त्याला रकाना नसतो.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतील पुनर्विकासाच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांतल्या एका मावशींकडे आमचे जाणे-येणे आहे. त्यांनी आम्हाला वर नेले. भिंतीवर बुद्धमूर्ती, बाबासाहेब, माता रमाई आणि मावशींच्या यजमानांचा हार घातलेला फोटो. चहा करता करता मावशी म्हणाल्या, "बाबा, साठ वर्सं रांगंत उभी राहिले संडासाला. आता घरात दार लावून न्हाते. मला भाव नगं सांगूस."

पण भाव त्यांच्या दारापर्यंत आला होता. मुलगा म्हणाला, "खाली माणसे येऊन विचारतात, विकणार का? आईला सांगतो, बदलापूरला दोन घरे येतील." मावशींनी कप ठेवला आणि म्हणाल्या, "दोन घरं येतील, पर हितली चार माणसं येतील का?"

आम्ही मुलाला एवढेच सांगितले की वितरणपत्रातल्या विक्रीच्या अटी आधी वाच आणि आईची सही घाईने घेऊ नकोस. मग त्याच्यासमोर नकाशा उघडला. समुद्राकाठच्या विभागापासून सुरुवात केली आणि रेल्वेच्या मार्गाने बाहेर गेलो. कुर्ला, मुलुंड, ठाणे, कल्याण, बदलापूर. एकेका टप्प्यावर आकडा उतरतो आणि प्रवासाचा वेळ चढतो. दोन घरे येतील हे खरे. पण त्याची नोकरी, मुलीची शाळा, मावशींचे केईएम हॉस्पिटल ही सारी येथे. रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये गेले तर त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात लिहायचा? दुसऱ्या बाजूने हेही सांगितले की नव्या घराला लिफ्ट आहे, पंप आहे, देखभालीचा खर्च येणार. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घराला २०२२ पासून मुंबईत मालमत्ता कर माफ आहे, तो भार नाही. तरी महिन्याचा खर्च लिहून काढा, सोसायटीच्या सभेला जा, हिशेब विचारा. घर टिकवायचे तर ते परवडलेही पाहिजे.

निघताना शेजारची एक मुलगी भेटली. बँकेत नोकरीला, लग्न ठरलेले, उपनगरात भाड्याने घर शोधते आहे. "काका, फोनवर घर रिकामे असते. आडनाव सांगितले की भरलेले असते." आम्हाला १९१७ चे बडोदे आठवले. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना तेथे राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले. प्रा. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. दलित आणि मुस्लिम घर शोधणाऱ्यांना नकार आणि जाचक अटी मिळतात, हेच तीत दिसले. ताई म्हणाली, "नकाशात आडनावाचा रकाना नाही." नाही खरा. म्हणून नियोजन करणाऱ्याला वाटते की पैसा असेल त्याला घर मिळते. परवडणाऱ्या सरकारी घरांची, वसतिगृहांची मागणी आपण का करतो ते त्याला या आकड्यांतून कधीच कळणार नाही. ते आपल्यालाच दाखवावे लागेल.

साडेबारा एकर

संध्याकाळी प्रभादेवीवरून दादरच्या समुद्राकडे गेलो. उजव्या हाताला रस्ता गर्दीचा, डाव्या हाताला इंदू मिलची जागा. सुमारे साडेबारा एकर, अगदी समुद्राला लागून. बाजाराच्या नजरेने पाहिले तर या तुकड्याची किंमत काय झाली असती याचा विचार करा. ६ डिसेंबर २०११ ला भीमसैनिक या जागेत शिरले आणि बाबासाहेबांच्या स्मारकासाठी ती मागून बसले. डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने ती देण्याचे संसदेत जाहीर केले. ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झाले. तेथे शंभर फुटांच्या चौथऱ्यावर साडेतीनशे फुटांचा पुतळा योजलेला आहे.

तात्या बराच वेळ पत्र्याच्या कुंपणाकडे पाहत होते. म्हणाले, "गिरणगावातली एवढी जमीन गेली. ही एक आपण मागितली म्हणून राहिली." आम्हाला त्यांचे म्हणणे पटले. जमीन कशासाठी वापरायची हे दरवेळी भावाने ठरवावे असा नियम नाही. तसे असते तर शहरात एकही मैदान, एकही प्रसूतिगृह, एकही महापालिकेची शाळा उरली नसती. जेथे भाव चढताना दिसतो तेथे शाळेची, दवाखान्याची, स्वस्त घरांची जागा आधी राखून ठेवायची, भाव चढल्यावर ती विकत घेणे शहराला झेपत नाही. भावाच्या नकाशाचा नियोजनात खरा उपयोग हाच.

आणि ही राखणी लोक करू शकतात. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यात इतक्या चुका निघाल्या, हजारो लोकांनी इतक्या हरकती लिहून दिल्या की एप्रिल २०१५ मध्ये तो मागे घेण्याचा आदेश निघाला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. हरकत म्हणजे साधा अर्ज. तो लिहायला वकील लागत नाही. आपला सर्व्हे नंबर, नकाशात काय दाखवले आहे आणि प्रत्यक्षात काय आहे, या तीन ओळी पुरतात.

चैत्यभूमीवर त्रिशरण-पंचशील घेऊन वाळूत बसलो. भाऊंची नोटीस पुन्हा वाचली. फरक खरा होता, तो भरावा लागणारच. पण त्यांच्या इमारतीचे वय दस्तात नीट धरले आहे की नाही हे तपासून घ्यायचे, कारण जुन्या बांधकामाला घसारा मिळतो. तसा लेखी खुलासा मुदतीत द्यायचा असे ठरले. भाऊ म्हणाले, "पुढच्या वेळी आधी नकाशा, मग सही." आणि हसले. सकाळपासून पहिल्यांदा.

आमच्या विहारात आम्ही एक वही सुरू केली आहे. इतर विहारांनीही करावी अशी विनंती आहे. कोणाचे नाव त्यात लिहायचे नाही. गल्ली, खोलीचा आकार, भाडे किंवा विकत घेतल्याची किंमत, वर्ष, कागद नोंदलेला की नोटरीचा, घरात माणसे किती आणि कामाला जायला वेळ किती लागतो, एवढेच. दरवर्षी १ एप्रिलनंतर सरकारी दर त्याच्या शेजारी लिहायचा. दोन-तीन वर्षांत आपल्या वस्तीचा आपण केलेला नकाशा तयार होईल. पुनर्विकासाची सभा असो, विकास आराखड्याची सुनावणी असो, तो घेऊन जायचा.

घर घेणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. स्त्रीला मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून हिंदू कोड बिल मांडणाऱ्या आणि ते रखडले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे. सवलत तर घ्याच, पण सवलत नसती तरीही दारावरच्या पाटीवर आणि आतल्या कागदावर घरच्या लक्ष्मीचे नव्हे, घरच्या रमाईचे नाव असावे.

परमपूज्य बाबासाहेब परळच्या दोन खोल्यांत राहून अर्थशास्त्राचे आकडे वाचत होते. आपल्याला एक तक्ता वाचायचा आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर वही घेऊन बसा. वाचता येणाऱ्या मुलींना पुढे बसवा.

जयभीम! नमो बुद्धाय!